दुरुस्ती नेमकी कोणाची?

मूल वेळेवर बोललं नाही की पहिला जाब आईला विचारला जातो. गरोदरपणी काय खाल्लंस? नोकरी सोडता आली नसती का? मैत्रिणींनो, या आरोपाला एकेकाळी शास्त्राचा शिक्का होता. ऑटिझमचं कारण जैविक आहे असं अमेरिकेतल्या बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ साली मांडलं; ते स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील होते. तरीही १९६७ साली ब्रुनो बेटेलहाइम यांच्या पुस्तकाने आईबापांवर, त्यातही आयांच्या थंडपणावर खापर फोडलं.

तो सिद्धांत केव्हाच मोडीत निघाला. आईची शिक्षा मात्र संपलेली नाही. आता तिने मुलाला 'नॉर्मल' करून दाखवायचं. त्याने हात फडफडवले की धरायचे, तेच तेच बोलला की गप्प करायचं. 'पूर्ण बरं करतो' म्हणणाऱ्यांची दुकानं याच धास्तीवर चालतात.

पण त्या मुलाला काय वाटतं? समजा, वर्सोव्यातला एक मुलगा घाटकोपरपर्यंतची मेट्रोची बाराही स्टेशनं क्रमाने म्हणतो, मग उलटी म्हणतो आणि आनंदाने उड्या मारतो. इतरांना ती निरर्थक बडबड वाटते. त्याला मात्र या गोंगाटात, न बदलणारं काहीतरी सापडलेलं असतं. टेंपल ग्रँडिन यांनी लिहिलंय की त्या चित्रांतून विचार करतात. आणखी कुणी आकड्यांतून करत असेल. आपण 'स्वमग्न' म्हणून मोकळे होतो, जणू दार त्यानेच लावून घेतलंय! डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक अभ्यासकाने २०१२ साली मांडलं, की एकमेकांना न समजणं दोन्ही बाजूंनी असतं.

पुरुषाच्या मापाने मोजून बाईला अपुरी ठरवणं आपण नाकारलं. मग तोच न्याय इथे का नको? ऑटिस्टिक मुलींकडे तर लक्षही जात नाही. गप्प बसणारी मुलगी आपल्याकडे 'सालस' ठरते.

वेगळेपण मान्य केलं म्हणून मदतीची गरज संपत नाही. काहींना बोलता येत नाही, काहींना जन्मभर आधार लागतो. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात ऑटिझमचं नावही नव्हतं. २०१६ च्या कायद्यात ते आलं, आणि इतर मुलांबरोबर शिकण्याची तरतूदही. ती शाळांकडून वसूल करू या. घरातला भार बापानेही उचलावा. आणि मुलाला दुरुस्त करायला धावण्याआधी, ते कशाने हसतं एवढं तरी पाहू या.