न उतरणारा झगा

मंडळी, एक प्रयोग करून बघा. रात्री दिवे मालवा, कानाला हेडफोन लावा आणि बाऊहाउस या ब्रिटिश बँडचं ‘बेला लुगोसीज डेड’ हे गाणं ऐका. अट एकच, मधेच फॉरवर्ड करायचं नाही. साडेनऊ मिनिटांच्या या गाण्यात सुरुवातीची जवळजवळ तीन मिनिटं कुणी गातच नाही!

गंमत म्हणजे ड्रमचा ठेका चक्क बोसा नोव्हाचा आहे. तोच तो, एरवी कॉफी शॉपमध्ये वाजणारा. पण त्यावर असा काही इको चढवलाय, की रिकाम्या वाड्यात कुणीतरी टकटक करतंय असं वाटतं. बेस एकेक पायरी उतरत तळघरात जातो. गिटार धून वाजवतच नाही, नुसते ओरखडे काढते. आपण कान टवकारून बसतो, आणि मग कुठे पीटर मर्फीचा खर्जातला आवाज येतो. वटवाघळं, शवपेटी, फुलं, नववधू... भीती राक्षसाची नाही वाटत, वाट बघण्याची वाटते.

नॉर्दम्प्टनच्या या चार पोरांनी 26 जानेवारी 1979 ला हे रेकॉर्ड केलं, तेव्हा बँड जेमतेम काही आठवड्यांचा होता. तरी पहिल्याच टेकमध्ये काम फत्ते!

मला विचाराल तर खरी हॉरर स्टोरी गाण्याच्या नावात आहे. बेला लुगोसी हा हंगेरीतून आलेला नट. 1931 च्या सिनेमात तो ड्रॅक्युला झाला आणि जगभर गाजला. पण नंतर हॉलिवूडला त्याच्यात दुसरं काही दिसेचना. 1956 मध्ये तो गेला, तेव्हा त्याला ड्रॅक्युलाच्या झग्यातच पुरलं. माणूस मेला, रोल जिवंत राहिला.

आणि आता ट्विस्ट ऐका. हेच बँडचंही झालं. 1982 मध्ये त्यांनी डेव्हिड बोवीचं ‘झिगी स्टारडस्ट’ गायलं, ब्रिटनच्या चार्टवर 15 व्या नंबरपर्यंत नेलं. पण लोकांच्या लेखी ते कायम ‘गॉथवाले’च. 1983 च्या ‘द हंगर’ सिनेमाच्या सुरुवातीलाच मर्फी हे गाणं जाळीमागून गाताना दिसतो, मग तर विषयच संपला.

2005 मध्ये कॅलिफोर्नियाच्या कोचेला फेस्टिव्हलमध्ये मर्फी स्टेजवर वटवाघळासारखा उलटा लटकत आला आणि तसाच हे गाणं गायला. झगा उतरत नाही ना? मग निदान मिरवू तरी स्वतःच्या मर्जीने!

आपल्यालाही पार्टीत नावाआधी ‘काय करतोस?’ विचारतातच की. डेझिग्नेशन सांगून झालं की समोरच्याची उत्सुकता संपते. म्हणून म्हणतो, ऑफिसातून आल्यावर आयडी कार्ड गळ्यातून काढा, खुंटीला अडकवा. आणि मगच हे गाणं लावा.