शिंगणापुरात कवाड नको, पण खड्ड्याला झाकण हवे!

शनिशिंगणापूर म्हटले की बिनकवाडाची घरे आठवतात. २०११ साली युको बँकेने तिथे कुलपाविना शाखा काढली, तेव्हा पार मुंबई-दिल्लीपर्यंत चर्चा झाली. चोरी करील त्याला शनिदेव बघून घेतील, ही गावाची श्रद्धा. तिच्याविषयी आमचे काही म्हणणे नाही. पण देवाला भिणारा चोर वेगळा आणि खड्ड्यात साचलेला वायू वेगळा. वायू कोणाला भीत नाही. त्याचा बंदोबस्त माणसानेच करायचा असतो.

हे लिहायचे कारण याच नेवासे तालुक्यातले आहे. ९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याचा दिवस. वाकडी गावात गोबरगॅसच्या शेणकाल्यासाठी वापरात असलेल्या एका जुन्या विहिरीत मांजर पडले. ते काढायला एक जण उतरला, तो वर आला नाही. त्याला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा. असे करता करता पाच जण गेले. सहाव्याच्या कंबरेला दोर होता म्हणून त्याला वर ओढता आले. सण होता घरोघरी, आणि गावावर ही वेळ!

यात मूर्खपणा कोणाचाच नव्हता. आपला माणूस डोळ्यांदेखत बुडतोय म्हटल्यावर काठावर कोण उभा राहील? नेमका इथेच घात होतो. पहिला जातो तो धोका ठाऊक नसल्यामुळे, बाकीचे जातात ते मायेपोटी.

शेण कुजते तिथे मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि थोडासा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. आपल्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के. खड्ड्यात हे वायू त्याची जागा घेतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. वास थांबला म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि दोन-चार श्वासांत खाली कोसळतो. हाक मारायलाही सवड मिळत नाही. तोंडाला ओले उपरणे बांधून यातले काहीही अडत नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे.

जुनी माणसे विहिरीत आधी कंदील सोडायची. विझला तर उतरायचे नाही. पडक्या विहिरीपुरते ते ठीक होते, पण शेणाच्या खड्ड्यावर कंदील नेऊच नका. मिथेन पेट घेतो. शिवाय कंदील जळत राहिला म्हणजे विषारी वायू नाही, असेही नव्हे.

मग करायचे काय? सर्वांत चांगला उपाय म्हणजे उतरायची वेळच येऊ न देणे. शेणकाला पंपाने उपसावा. जनावर पडले तर दोराला टोपले बांधून सोडावे, गळ टाकावा. माणूस पडला तर ११२ किंवा १०१ लावावा आणि श्वासाचे सिलिंडर असलेल्या अग्निशामक दलालाच उतरू द्यावे. तोवर वरून फवारणीच्या ब्लोअरने हवा मारत राहावी, पण ब्लोअरचे इंजिन तोंडापासून लांब ठेवावे, नाहीतर त्याचाच धूर आत जायचा. आणि काठावरच्या शहाण्या माणसाने एकच काम करावे, दुसऱ्याला हाताला धरून मागे ओढावे. यात पहिल्याचा जीव कदाचित वाचणार नाही. ऐकायला निष्ठुर वाटते, पण वाकडीचा हिशेब मांडून पाहा.

कायद्याची गंमत बघा. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ मधले कलम ३६ सांगत होते की विषारी वायूच्या टाकीत किंवा खड्ड्यात कामगाराला असे-तसे उतरवायचे नाही, पट्टा हवा, दोर हवा. सोनईच्या साखर कारखान्याला हे लागू होते. त्याच कारखान्याला ऊस घालणाऱ्याच्या गोठ्यामागच्या खड्ड्याला मात्र नव्हते! म्हणजे शेतकऱ्याचा सेफ्टी ऑफिसर शेतकरीच.

अपघातानंतर गोपीनाथ मुंडे योजनेतून वारसांना दोन लाख रुपये मिळतात. मिळायलाच हवेत. पण विहिरीच्या तोंडावरची लोखंडी जाळी त्याच्या किती अंशात बसते, ते गावच्या वेल्डरला विचारा.

सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांना एक सुचवायचे आहे. येत्या ग्रामसभेआधी पोलीस पाटलांना बरोबर घेऊन शिवारात एक फेरी मारा. पडक्या विहिरी, शेणखड्डे, उघडे बोअर, हाताला येणाऱ्या विजेच्या तारा, पट्ट्यावर जाळी नसलेली कडबाकुट्टी, सगळे लिहून काढा. सगळे एकदम होणार नाही, म्हणून क्रम लावा. लांब माळावरची विहीर नंतर पाहू, पण अंगणाच्या कडेचा, पोरे जिथे खेळतात तिथला खड्डा आधी. उघड्या बोअरबाबत तर सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच बंदोबस्ताचे आदेश दिलेले आहेत, नवीन काही मागायची गरज नाही.

कोणी म्हणेल, खासगी जागेत पंचायतीने का बघावे? माणूस आत पडला की धावत जाणारे सगळे गावच असते. यादी चावडीवर मालकाच्या नावासकट लावा. एखाद्याला राग येईल, येऊ द्या. पावसाआधी झाकण बसले की नाव खोडून टाका.