पिस्तुल घेण्यापूर्वीं

गांवांत दरोडा पडला कीं, "थोड्या पैशांत पिस्तुल आणून देतों" म्हणणारा दलाल दारीं येतोच. शेतकरी व कारागीर बंधूंनो, त्याला उंबऱ्याबाहेरच ठेवा! हिंदुस्थानच्या १९५९ च्या शस्त्रकायद्यांत २०१९ सालीं दुरुस्ती झाली. तेव्हांपासून बिनपरवाना पिस्तुल बाळगणारास निदान दोन व फार तर पांच वर्षें कैद आहे. म्हणजे दरोडेखोर मोकळा आणि घरधनी तुरुंगांत!

सरळ मार्ग असा. वयाचीं २१ वर्षें पुरीं झालेल्यानें जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. जिवाला धोका कोणता, तें स्पष्ट लिहावें. पोलीसचौकशी होते. परवाना पांच वर्षांचा असतो. अर्ज नामंजूर झाला तर हात जोडून परत फिरूं नये. लेखी कारण मागावें, अपील करावें. हा हक्क वाडेवाल्याइतकाच झोपडीवाल्याचाही आहे.

निवडतांना डौल पाहूं नये. ९ मिलिमीटरचें पिस्तुल सामान्य रयतेस मना आहे. ३२ बोरचें रिव्हॉल्व्हर मिळूं शकतें, आणि नवख्यास तेंच सोपें. चक्र उघडतांच गोळ्या डोळ्यांना दिसतात. नेम शिकावा, हत्यार कुलुपांत ठेवावें, बाहेर नेतांना परवाना जवळ असावा. लग्नांत बार काढून लोकांचा जीव धोक्यांत घालणें हा गुन्हा आहे.

आत्मरक्षणाचा हक्क कायद्यानें बिनहत्यारी माणसासही दिला आहे. पण तो गरजेपुरताच. पळणाऱ्याच्या पाठींत घातलेली गोळी हें रक्षण नव्हे. म्हणून हत्याराआधीं कायदा वाचा. न वाचणाऱ्याचें घर चोराआधीं दलालच लुटतो.