टाळी कुठे वाजवायची?

आमच्या संभाजीनगरात डीजे हा माणूस नसतो, तो टेंपो असतो. टेंपोवर स्पीकरची भिंत, मागे जनरेटर, आणि क्रांती चौकातून वरात निघाली की दुकानांच्या काचा थरथरतात. डीजे आणला, डीजे लावला, डीजे जप्त झाला. सगळी क्रियापदं सामानाची. डीजे नावाचा कुणी माणूस असतो आणि त्याला कान असतात, हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. तेही बीड बायपासवरच्या एका लॉन्सवर, भाच्याच्या लग्नात, संगीताच्या संध्याकाळी.

मी पडलो रॉकवाला. ऐंशीच्या दशकाअखेरीस इथेच, तेव्हाच्या औरंगाबादेत, इंजिनिअरिंग करताना डीप पर्पल, लेड झेपेलिन कुणीतरी मुंबईहून आणायचा आणि त्यावरून आम्ही नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटी भरून घ्यायचो. भरलेल्यावरून भरलेली, तिच्यावरून आणखी एक. चौथ्या पिढीपर्यंत गिटार आणि पाऊस यांतला फरक राहत नसे. तरी श्रद्धा अढळ: माणसाने हाताने वाजवलं तेच संगीत, बाकी सगळी यंत्राची टकटक.

त्या संध्याकाळी ठरलेली गाणी झाली, पाहुणे जेवणाकडे पांगले. तेव्हा भाच्याचा पुण्याचा मित्र म्हणाला, "काका, आता थोडं माझं वाजवतो." आणि त्याने हाउस नावाचं यंत्रावरचं नाचाचं संगीत सुरू केलं. चार मात्रा, चारही सारख्या वजनाच्या, मिनिटाला एकशे वीसच्या आसपास. तक्रार करायच्या तयारीनेच मी मठ्ठ्याचा ग्लास घेऊन त्याच्या टेबलाजवळ गेलो.

पोराचा एक कान हेडफोनखाली, दुसरा उघडा. आम्ही ऐकत होतो ते एक; त्याच्या झाकलेल्या कानात पुढचं कधीच सुरू झालेलं. डाव्या हाताने तो एक पट्टी केसाएवढी पुढे-मागे सरकवत होता, दोन्ही ठेके एकमेकांवर नेमके बसेपर्यंत. मग पहिल्याचा खर्ज हळूच काढून घेतला. पायाखालची जमीन काढल्यासारखं झालं, नाचणारी पाच-सहा पोरं अधांतरी. आठ मात्रा, सोळा मात्रा, आणि दुसऱ्याचा खर्ज असा समेवर आला की माझी मान माझ्या परवानगीशिवाय हलली. जुनं गाणं कुठे संपलं ते कळलंच नाही. रॉकमध्ये गाणं संपतं, टाळ्या पडतात, आपण श्वास घेतो. इथे चाळीस मिनिटं काही संपेचना. टाळी वाजवायला जागाच नाही.

"तेच तेच वाजतं" हा माझा जुना आक्षेप. पण तबल्याच्या एकल वादनात पेटीवाला एकच लेहरा तासभर धरतो, त्याला आपण कंटाळवाणा म्हणत नाही. त्याच्या भरवशावर तबलजी वाट्टेल तिथे जाऊन येतो. हाउसमध्ये काम उलटं वाटलंय, एवढंच. ठेका जागचा हलत नाही, सूर येतात-जातात. आणि भजनासारखी लयही चढत नाही. चढतो तो थर: आधी झांज, मग टाळीचा आवाज, मग दोन स्वरांची पेटीसारखी तान. लय न वाढवता रंगत वाढवणं सोपं नाही. आमच्या ड्रमरांना तर अजिबात जमत नसे.

या रॉकवाल्या तुच्छतेचा इतिहास फारसा अभिमानाचा नाही. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कॉमिस्की पार्कात स्टीव्ह डाल या रॉक रेडिओवरच्या निवेदकाने बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवला. तबकडी आणली की तिकीट अठ्ठ्याण्णव सेंट. प्रेक्षक मैदानात घुसले, गवत उखडलं, दुसरा सामना होऊच शकला नाही. तिथे जागा दाखवायचं काम करणारा व्हिन्स लॉरेन्स नावाचा कृष्णवर्णीय मुलगा होता. लोकांनी आणलेल्या तबकड्यांत डिस्को नसलेल्याही बऱ्याच होत्या, फक्त गाणारे काळे होते, हे त्याने पाहिलं. त्याच शहरात वेअरहाउस नावाच्या क्लबात फ्रँकी नकल्स १९७७ पासून वाजवत होता, नाचणारे बहुतेक काळे आणि समलिंगी. 'हाउस' हे नाव त्या क्लबावरून पडलं. आणि १९८४ मध्ये हाउसच्या अगदी पहिल्या तबकड्यांतली एक निघाली, ती करणाऱ्यांत हाच लॉरेन्स होता.

असं संगीत करण्यात आपणही मागे नव्हतो. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणाऱ्या चरणजित सिंगांनी १९८२ मध्ये मुंबईत तीन जपानी यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. भैरव, यमन, मालकंस. तबकडी एचएमव्हीची, कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा काढली, तेव्हा जगाच्या लक्षात आलं की शिकागोचा अ‍ॅसिड हाउस जन्मायच्या पाच वर्षं आधी तोच आवाज मुंबईत निघाला होता. मी तेव्हा पेन्सिलीने कॅसेट गुंडाळत होतो.

टेंपोवरच्या भिंतीबद्दल माझं मत मात्र तसूभर बदललेलं नाही. निवासी वस्तीत दिवसा पंचावन्न डेसिबल, रात्री पंचेचाळीस हा नियम कागदावर आहे. भिंत छातीत वाजते, कानात काहीच पोचत नाही. लॉन्सवर मला शेजारच्याशी बोलता येत होतं आणि तरी खर्ज तळपायाला कळत होता. पण 'डीजेमुक्त उत्सव' म्हणत आपण बंदी एका सामानावर घालतो आणि नाव एका माणसाचं खराब करतो. या पोराने सांगितलं, पुण्यात खोली भाड्याने घेताना तो "साउंडचं काम करतो" एवढंच म्हणतो.

त्या रात्री दहाला दहा मिनिटं कमी असताना लॉन्सच्या मॅनेजरने खूण केली. पोराने बटण बंद केलं नाही. एकेक थर उतरवला: आधी सूर, मग टाळी, मग झांज. शेवटी नुसता ठेका राहिला, तोही दूर जात गेला आणि मागून जनरेटरची घरघर ऐकू आली. तिथे मी टाळी वाजवली, एकट्याने. हातात मठ्ठ्याचा ग्लास होता हे विसरूनच गेलो होतो.