बाक रिकामा करणारे आपण?

देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावहून गोंदियात शिकायला आलात, रूम बघायला गेलात, की अनेकांना एक प्रश्न ऐकावा लागतो : ‘पूर्ण नाव सांगा.’ तो आडनावासाठी असतो, हे दोघांनाही कळतं. मग रूम ‘आधीच दिलेली’ निघते. सोबतचा मित्र म्हणतो, ‘जाऊ दे ना, आपण एकटे काय करणार?’

एकटं कोण होतं, ते बघा. १८५५ मध्ये पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आम्हाला धर्माच्या नावाने दूर का ठेवता, हे त्या शाळकरी मुलीने थेट विचारलं. पुढच्याच वर्षी धारवाडच्या एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. मागणी न्याय्य आहे हे सरकारला नाकारता आलं नाही, पण इतरांचा विरोध पुढे करून प्रवेश दिलाच नाही. साताऱ्याच्या शाळेत छोटा भीमराव घरून आणलेल्या गोणपाटावर बसायचा. नळ सोडायला शिपाई नसला, तर त्या दिवशी पाणी नाही.

अमेरिकेतही हेच. १९६० मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या गोऱ्यांच्या शाळेत सहा वर्षांची रूबी ब्रिजेस मार्शलांच्या पहाऱ्यात गेली. गोऱ्या पालकांनी आपली मुलं काढून घेतली. वर्षभर रूबी वर्गात एकटीच शिकली, सोबत फक्त बार्बरा हेन्री या बाई.

अशा गोष्टी ऐकल्या की आपण रूबीच्या धाडसाला टाळ्या वाजवतो. पण खरं सांगा, आपल्यातले किती जण रूबी असतात आणि किती जण बाक रिकामा करून निघून जाणारे? मुलांना एवढं धाडस करावं लागलं, कारण बाकीचे बाजूला झाले होते.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आडनावामुळे मित्राला रूम नाकारली, तर ती रूम आपणही घ्यायची नाही, आणि का घेत नाही ते घरमालकाला तोंडावर सांगायचं. मेसमध्ये कुणी एकटं जेवत असेल, तर ताट घेऊन तिथे बसायचं. कट्ट्यावर कोट्यावरून टोमणा आला, तर हसायचं नाही. सहा वर्षांची मुलगी वर्षभर टिकली. आपण तर वीस-बावीसचे आहोत, मतदान करतो. एवढं तर जमायलाच हवं.