परळचा डॉक्टर, चीनमधला पत्ता

बीजिंगमध्ये आम्ही चौघं. बजेट कडक, हिशेब टीटीएमएम. हातात शेवटचा दिवस उरला होता. तिघांना शॉपिंग हवं होतं, पण केईएमवाली मैत्रीण हटूनच बसली. म्हणाली, ‘‘शिजियाझुआंग!’’

तिथे आहे काय? तर डॉ. द्वारकानाथ कोटणीस. मूळचे सोलापूरचे, पण डॉक्टर झाले आपल्या परळच्या जी. एस. मेडिकलमधून. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. युद्धात जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, तिथलीच नर्स बायको केली आणि १९४२ मध्ये, अवघ्या ३२व्या वर्षी, तिथेच वारले. (शांतारामबापूंचा १९४६चा सिनेमा? तोही परळच्याच राजकमलचा!)

बुलेट ट्रेन तासाभरात पोचवते. आम्ही साधी गाडी पकडली. तिकीट निम्म्याहून स्वस्त, पाठ मात्र लाकूड.

शहीद स्मारकाच्या बागेत त्यांचा पुतळा आहे. त्याच आवारात कॅनडाचे डॉ. बेथून. बाकावरच्या आजींना ‘कोटणीस’ कळेना. ‘को दीहुआ’ म्हटलं, तर चेहरा खुलला आणि पिशवीतून चार संत्री निघाली. आमच्या शाकाहारी दादरकराचं लंच त्यातच आटोपलं. शॉपिंग राहिलं ते राहिलंच. त्यावरून दोघं परतीच्या गाडीतही कुरकुरत होते.