फुकटची थरथर

परवा चेंबूरच्या एका जिममध्ये ट्रेनरनं मला थरथरणाऱ्या फळीवर उभं केलं. दिवसभर माऊस धरून उजवा खांदा कामातून गेलाय, त्यावर हा इलाज. "सर, दहा मिनिटं म्हणजे तासभराचा वर्कआउट!" जादा पैसे वेगळे, अर्थातच.

आता फळीवर उभं राहिलं की थरथर घोट्या-गुडघ्यांतच बरीचशी जिरते, हे कळायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. खांद्यापर्यंत पोचवायची तर फळीवर हात टेकून जोर काढायच्या पवित्र्यात राहायला हवं. तेव्हा मात्र काहीतरी होतं. स्नायूतले ताण ओळखणारे तंतू चाळवतात आणि स्नायू आपोआप आवळतो. स्वीडनमध्ये हागबार्थ आणि एक्लुंड यांनी १९६६ मध्ये हे मांडलं. पण त्या क्षणी स्नायू जास्त राबला म्हणून दोन महिन्यांनी तो साध्या डंबेल्सपेक्षा बळकट होईलच, हे कुठून आलं? (त्यापेक्षा शाळेतलं लेझीम बरं होतं, खांदे भरून यायचे!)

असो. खरा राग वेगळाच आहे.

माहुलला आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. तानसा पाइपलाइनजवळचं घर तुटल्यावर इथे आले. रस्ते फोडायचा ब्रेकर चालवतात. जिमची फळी सेकंदाला वीस ते पन्नास वेळा हलते, ब्रेकरचे ठोकेही साधारण वीस-तीसच्या घरात. फक्त माझी फळी दहा मिनिटांनी आपोआप बंद होते. काकांचा ब्रेकर संध्याकाळी थांबतो. रात्री त्यांच्या बोटांना मुंग्या येतात, शर्ट घालताना हात वर जात नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालं. काम काय करता, हे विचारलंच नाही.

अहो, ॲलिस हॅमिल्टन बाईंनी १९१८ मध्ये अमेरिकेतल्या दगड घडवणाऱ्यांचे हात तपासले होते. हवेचं छिन्नी-यंत्र धरून त्यांची बोटं थंडीत पांढरी पडायची. मुंबईत तेवढी थंडी नाही, म्हणून बोटं पांढरी दिसत नाहीत इतकंच. मुंग्या आणि बधिरपणा येतोच. युरोपनं २००२ मध्ये हाताला बसणाऱ्या कंपनांची आठ तासांच्या हिशेबानं मर्यादाच घातली.

काकांना मी फळीबद्दल सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि पैसे तू देतोस?"

आपल्याकडे रस्त्याच्या टेंडरमध्ये डांबराच्या थराची जाडी मिलिमीटरमध्ये लिहितात. एका माणसानं ब्रेकर सलग किती मिनिटं धरायचा आणि दुसऱ्याच्या हातात कधी द्यायचा, हेही त्यातच लिहा ना.